तबकडीच्या पाठीवरची चिमणी

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. हातातला मोबाईल पालथा घाला, कारण आजची गोष्ट त्याच्याच पोटातली आहे आणि त्याच्या कानावर गेली तर तो मध्येच बोलायला लागेल. भांडणाची गोष्ट आहे. शिव्या येतील त्या मी गाळून सांगेन, तुम्ही आपापल्या मनात भरून घ्या. मात्र ज्याच्यासाठी ही गोष्ट सांगायला बसलो तो माणूस त्या भांडणात एकदाही तोंड उघडत नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा त्याला जाऊन चार वर्षं झालेली आहेत. बोलणाऱ्यांच्या गोंगाटात त्याच्याकडे लक्ष असू द्या, एवढंच आधी सांगून ठेवतो.

एका रस्त्यावर घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. रुंदीला जेमतेम नऊ फूट, पण आत शिरलं की संपता संपत नसे. पुढे काचेचं काउंटर, मागे खिडकीखाली कामाचं टेबल, आणि दोन्ही भिंतींवर दुरुस्त होऊन चाचणीला टांगलेली घड्याळं. गोष्टीच्या दिवशी ती चौदा होती. चौदाही ठोके देणारी, आणि कुणाचंच कुणाशी सेकंदाला सेकंद जुळत नसल्यामुळे बारा वाजले की मिनिटभर दुकानात कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. गिऱ्हाईक मुकाट्याने छताकडे बघत उभं राही.

दुकान थोरल्यांचं. थोरले म्हणजे दोघा भावांतला मोठा. बोलायला कमी, हाताला स्थिर. त्या धंद्यात एक जुनी रीत आहे. घड्याळ दुरुस्त केलं की कारागीर आतल्या बाजूला, जिथे मालकाची नजर जाणार नाही अशा जागी, टोकदार सळईने आपली खूण ओरखडतो आणि खाली महिना-वर्ष घालतो. पुढे कधी दुसऱ्या कारागिराने ते उघडलं तर त्याला कळावं की आपल्या आधी इथे कोण येऊन गेलं. थोरल्यांची खूण होती चिमणी. तीन रेघांची, चोच उघडलेली, तबकडीच्या पाठीवर. ते म्हणायचे, "ही सही नाही, हा पत्ता आहे. बिघडलं तर माणसाला मला शोधत येता आलं पाहिजे."

वहिनी म्हणजे त्यांची बायको. वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून ती सगळं शिकली. ते गेले, आणि तेराव्या चौदाव्या दिवशी ती त्यांच्या स्टुलावर बसली. चिमणीही तीच ओढू लागली. धाकटे, म्हणजे तिचा दीर, काउंटर सांभाळत. गिऱ्हाईकाशी बोलावं तर त्यांनीच. बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलेला माणूस हसत बाहेर पडे, अशी जीभ. कारागिरी मात्र त्यांची पट्टा बदलणे, सेल घालणे, काच पुसणे इथवरच.

आता आपण मोबाईलच्या पोटात शिरू. 'घड्याळ मंडळ' नावाचा एक ग्रुप होता. देशोदेशीचे चार हजार लोक, कारागीर, हौशी, आणि नुसतेच भांडायला आलेले. अॅडमिन होते एक निवृत्त मास्तर. लोक तिथे बिघडलेल्या घड्याळांचे फोटो टाकत आणि सल्ले मागत. थोरले त्या मंडळाच्या पहिल्या पन्नासांतले. वर्षाला चार ओळी लिहीत, पण त्या चार ओळी लोक जपून ठेवत. ते गेल्यावर धाकट्यांनी तिथे हातपाय पसरले. नाव घेतलं 'लंबक'. वहिनीने केलेल्या कामाचे फोटो टाकायचे, खाली आपलं प्रवचन जोडायचं. लोक 'लंबकदादा, लंबकदादा' करू लागले. वहिनीला हे ठाऊक होतं. थोरल्यांचा मोबाईल तिने टेबलाच्या खणात ठेवला होता. दर रविवारी ती तो चार्ज करायची आणि त्यांच्या जुन्या चार ओळी वाचायची, तेव्हा हेही दिसायचं. तिने कधी शब्द काढला नाही. म्हणायची, फोटोत काय, मिरवू देत बापडे.

लंबकाला तिथे एक वैरी मिळाला. नाव 'चिमटा'. हाही कारागीर, कुठल्या तरी दुसऱ्या शहरातला, आणि नावाला जागणारा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. भांडण कशावरून? मोहरीएवढ्या छिद्रावरून! चाकांचे आस पितळी प्लेटच्या छिद्रांत फिरतात. वर्षानुवर्षं फिरून छिद्र झिजतं, लांबट होतं, चाक कलतं आणि घड्याळ थांबतं. यावर उपाय दोन. एक झटपट, छिद्राच्या कडेला ठोकून पितळ आवळायचं. दुसरा चिवट, छिद्र मोठं करून त्यात पितळेची नवी कडी बसवायची. तिला बुश म्हणतात. लंबक म्हणे, बुशशिवाय दुसरं काही करणारा कारागीरच नव्हे. चिमटा म्हणे, शंभर वर्षांपूर्वीचे लोक ठोकतच होते आणि त्यांची घड्याळं तुझ्या प्रवचनांपेक्षा नीट चालतात.

"हातोडीवाला," लंबक लिही.

"एका खिळ्याला लटकून डोलणारा," चिमटा लिही.

पुढे छिद्र राहिलं बाजूला. कुणी नवख्याने कसलंही तेल विचारलं तरी हे दोघे दहा मिनिटांत एकमेकांच्या आईबापापर्यंत पोचत. मास्तर मध्ये पडत, दोघांना दोन दोन दिवस गप्प करत. तिसऱ्या दिवशी दोघे ताजेतवाने होऊन परत. देवाने माणसाला अंगठे दिले ते वस्तू घट्ट धरायला. हल्ली ते टाईप करायला वापरतात आणि हातातलं सगळं सुटतं.

तर त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वहिनी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात होती आणि धाकटे काउंटरवर मोबाईलच्या पोटात.

"आला बघा हातोडीवाला," धाकटे म्हणाले. "ऐका वहिनी. 'माझ्याकडे भिंतीवरचं एक घड्याळ आलंय. उघडून टेबलावर ठेवलंय. खालच्या प्लेटचं हे छिद्र बघा आणि आधीच्या कारागिराबद्दल मंडळाने मत द्यावं. लंबकसाहेबांनी तर द्यावंच.' देतो की! सोडतो काय?"

"फोटो मोठा करून बघा तरी, भावजी."

"बघितला. काय बघायचंय त्यात? जुनंच छिद्र, वरून तेल सोडलंय. नुसता वास दाखवलाय कामाचा." अंगठे चालू झाले, आणि धाकट्यांना लिहिता लिहिता मोठ्याने वाचायची सवय. "'ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे. छिद्राला हातही न लावता घड्याळ परत दिलेलं आहे. अशा माणसाचे हात बांधून त्याला गल्लीत फिरवला पाहिजे. माझ्या दुकानात असा कुणी असता तर मी त्याला उंबऱ्यावर उभा केला नसता.' कसं वाटलं?"

"कुणाचं काम आहे ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कुणाचं का असेना. चिमट्याच्या दोस्ताचं असलं तर दुधात साखर."

अर्धा तास गेला. काउंटरवरून आवाज येईना म्हणून वहिनीने भिंग काढून मागे पाहिलं. धाकटे मोबाईलकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, नेटवर्क नाही." मग खुर्ची वळवून, पाठ करून बसले आणि बराच वेळ टाईप करत राहिले. या वेळी मोठ्याने वाचलं नाही.

इकडे खणात थोरल्यांचा मोबाईल गुरगुरू लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. वहिनीने हात पुसले आणि तो बाहेर काढला.

चिमट्याने दुसरा फोटो टाकला होता. त्याच घड्याळाची तबकडी, पालथी. तिच्या पाठीवर चिमणी. तीन रेघा, उघडी चोच. खाली एक ओळ: "लंबकसाहेब, ही चिमणी कुणाच्या दुकानातली? हात तुम्ही स्वतःच बांधून घेता की आम्ही येऊ?" त्याखाली तीनशे माणसं हसत होती.

वहिनीने पहिला फोटो मोठा केला. प्लेटच्या कोपऱ्यावर चंद्रकोरीसारखा एक जुना ओरखडा. तिला तो ओळखू आला. काम तिचंच होतं, दोन वर्षांपूर्वीचं. तिने तीन दिवस त्या एका बुशवर घालवले होते. कडी आणि प्लेट यांच्यामध्ये केसाएवढी रेघही दिसू नये म्हणून घासून, पुसून, परत घासून. ती रेघ चिमट्याला दिसली नव्हती आणि लंबकालाही नाही. तिला एक क्षण हसू आलं. मग तिने धाकट्यांनी दिलेलं उत्तर वाचलं आणि हसू तिथेच वाळलं.

"मित्रांनो, घरची गोष्ट चव्हाट्यावर आणायची नव्हती. ही खूण माझ्या थोरल्या भावाची. शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायचे. काम न करताच तेल सोडायचे आणि खूण करून मोकळे व्हायचे. मी मागून निस्तरत आलो. हे एक निसटलं असेल. गेलेल्या माणसाला माफ करा."

खाली जोडलेल्या हातांची रांग. 'लंबकदादा, मन मोठं तुमचं.' 'चिमट्या, लाज बाळग, मेलेल्या माणसावर उठलास.' आणि मग जे यायचं तेच आलं. 'आमच्याकडेही चिमणीवालं एक आलं होतं. तेव्हाच शंका आली होती.' 'यापुढे चिमणी दिसली की सगळं परत उघडून बघायचं.' 'थोरल्यांचं नाव उगाचच मोठं होतं म्हणायचं.'

बघा मायबाप, माणूस मेल्यावर त्याचं उरतं काय? वहिनीपुरतं सांगायचं तर तीन रेघा उरल्या होत्या. घरोघरी, भिंतीभिंतींवर, तबकड्यांच्या पाठीमागे कुणाला न दिसता बसलेल्या. त्या आता पुसल्या जात होत्या, आणि पुसणारा सख्खा भाऊ होता.

ती उठून काउंटरपाशी गेली.

"भावजी, हे काय लिहिलंत?"

"तुम्ही कुठे वाचलंत?"

"ह्यांचे हात कधी थरथरले? सांगा ना. कधी? शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी मनगटी घड्याळाची केसासारखी स्प्रिंग बसवली. तुम्हीच भिंग धरलं होतंत."

"वहिनी, तुम्हाला यातलं राजकारण कळत नाही."

"पुसा ते."

"पुसलं तर तो चिमटा टेबलावर चढून नाचेल."

"नाचू दे. पुसा."

"अहो, मेलेल्या माणसाचं काय जातंय?" धाकटे ओरडले. "मला उद्या तिथे परत तोंड दाखवायचंय!"

आणि बारा वाजले.

चौदा घड्याळं एकामागून एक सुरू झाली. कुणाचा खर्ज, कुणाची किणकिण, एकाचा दुसरा ठोका तर दुसऱ्याचा नववा. दोघे काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे बघत राहिले. धाकट्यांचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. वहिनीचे ओठ मिटलेले होते. शेवटचं घड्याळ थांबलं तेव्हा ती म्हणाली, "झालं तुमचं? आता खरं लिहा. काम वहिनीचं आहे आणि नीट आहे, असं लिहा."

"नीट? छिद्राला हात लावलेला दिसतोय का कुठे?"

"दिसत नाही म्हणूनच नीट आहे."

धाकट्यांनी मोबाईल डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला. कळलं त्यांना. पण कळणं आणि वळणं यांच्यामध्ये त्यांची चार वर्षांची लंबकगिरी आडवी पडली होती. "बुश असेलही," ते म्हणाले, "पण आता मी काय म्हणू? चार वर्षं फोटो टाकले ते वहिनीचे? चार हजार लोक थुंकतील."

एवढ्यात दोन्ही मोबाईल एकदम वाजले. चिमट्याने तिसरा फोटो टाकला होता. तीच तबकडी, पण या वेळी पूर्ण. आधीच्या फोटोत चिमणीच्या खालचा भाग त्याने मुद्दाम कापला होता. पत्ते एकेक करून टाकणारा माणूस तो. चिमणीखाली महिना होता आणि वर्ष होतं.

"तारीख वाचा सगळ्यांनी. दोन वर्षांपूर्वीची. आणि भाऊ गेल्याची पोस्ट लंबकसाहेबांनी इथेच टाकली होती, चार वर्षांपूर्वी. तुमच्याकडे माणसं गेल्यावरही कामावर येतात का हो? हजेरी कोण घेतं?"

मग काय विचारता. जोडलेले हात सुटले आणि तेच हात टाळ्या वाजवू लागले. 'भुताची चिमणी.' 'थरथरणारं भूत.' 'तेल सोडायला थोरले वरून उतरतात.' कुणी तर थोरल्यांचा जुना फोटो शोधून त्यावर पांढरी चादर चढवली. हसणाऱ्यांना लंबकाला टोचायचं होतं, पण सुई जात होती ती थोरल्यांच्या अंगात.

धाकट्यांनी मोबाईल परत उचलला. "लिहितो," ते पुटपुटले. "लिहितो की वहिनीने मला न विचारता केलं. मला पत्ताच नव्हता. दादाचं नाव वापरून तुम्हीच—"

"लिहा," वहिनी म्हणाली. "पण तुमच्या आधी मी लिहिते."

ती टेबलापाशी परतली, स्टुलावर बसली आणि थोरल्यांच्या मोबाईलवर एका बोटाने टाईप करू लागली. मंडळात चार वर्षांनी थोरल्यांचं नाव उजळलं. हसणारे भराभर थांबले. एकाने लिहिलंच, 'अरे देवा.'

"दचकू नका," तिने लिहिलं. "मी त्यांची बायको. मोबाईल त्यांचा आहे म्हणून नाव त्यांचं दिसतंय. ते काम माझं आहे. ह्यांचे हात शेवटच्या दिवसापर्यंत स्थिर होते. लंबकांनी लिहिलं ते खोटं आहे. चिमणी मी ओढते, कारण दुकान त्यांचं आहे. पण माझी चूक त्यांच्या माथी जाऊ नये म्हणून मी बसवलेल्या प्रत्येक बुशवर आतल्या बाजूने एक टिंब देते. टिंब असलं तर काम माझं, नसलं तर त्यांचं. चिमटाभाऊ, घड्याळ तुमच्यासमोर उघडं आहे. प्लेट उलटी करा आणि छिद्राच्या कडेला भिंग लावा. टिंब नसलं तर मी फसवी, मला काय बोलायचं ते बोला. असलं तर सगळ्यांनी माफी मागायची. माझी नाही. त्यांची."

पाठवलं आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

"वहिनी, वेड लागलं का तुम्हाला?" धाकटे म्हणाले. "घड्याळ त्याच्या हातात. तो जन्माचा वैरी. तो 'नाही' म्हणाला की संपलं! दादाची मान तुम्ही आपण होऊन त्याच्या चिमट्यात दिलीत."

हे काही खोटं नव्हतं. वहिनीलाही ते पाठवल्यावर लख्ख दिसलं. चिमट्याने एक शब्द लिहायचा होता, 'नाही', आणि लंबक, वहिनी, थोरले, तिघेही एका फटक्यात खलास. जगात ते टिंब बघू शकणारा माणूस एकच, आणि त्याला या घराबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि समोरचं अर्धवट घड्याळ पुढे ओढलं. पण चिमट्यात धरलेला स्क्रू दोनदा निसटला. चार वर्षांत तिचे हात कधी थरथरले नव्हते, त्या दिवशी थरथरले.

बावीस मिनिटं गेली. चौदा साक्षीदार भिंतीवर होते, ते मोजत होते.

मग फोटो आला. प्लेटची आतली बाजू, भिंगातून काढलेली. पितळेत पितळ मिसळलेलं, आणि काठावर सुईच्या टोकाएवढं एक टिंब.

"आहे," चिमट्याने लिहिलं. आणि बऱ्याच वेळाने, "बुश आहे हे मलाही कळलं नव्हतं. लंबकाने स्वतः काम न करताच खूण केली असं समजून मी तो फोटो टाकला होता. थोरल्यांबद्दल जे बोललो त्याची माफी मागतो."

मास्तरांनी माफी मागितली. मग एक, मग दहा, मग दोनशे. पांढरी चादर चढवणाऱ्याने फोटो गुपचूप काढून टाकला आणि माफी काही मागितली नाही. असे असतातच.

पण चिमटा तो चिमटा. माफीच्या खालीच त्याने लिहिलं, "आता लंबकसाहेबांचे चार वर्षांचे फोटो उघडतो. टिंबं मोजूया." आणि मोजली. प्लेटची आतली बाजू दिसत होती असे अकरा फोटो निघाले. अकराच्या अकरांत टिंब. मंडळाने लंबकाला असा काही झोडपला की मास्तरांनी शेवटी त्याचं नावच काढून टाकलं.

वहिनीने एकदाच उत्तर दिलं. "चिमटाभाऊ, तुम्ही खरं बोललात त्याबद्दल उपकार. पण तो फोटो तुम्ही छिद्र दाखवायला टाकला नव्हता, माणूस पाडायला टाकला होता."

"हो," चिमट्याने लिहिलं. "आणि परत टाकेन."

मोबाईल खणात गेला.

संध्याकाळी धाकट्यांनी काउंटरवरचं आपलं सामान पिशवीत भरलं. पट्ट्यांची पेटी, चष्मा, पाण्याची बाटली. दारात थांबून म्हणाले, "मेलेल्या नवऱ्यासाठी जिवंत दिराला उघडा पाडलंत. लक्षात ठेवेन."

"तुम्ही जिवंत होतात, भावजी," वहिनी म्हणाली. "तुम्हाला उत्तर देता येत होतं."

ते गेले ते परत आले नाहीत. दुसऱ्या कुठल्याशा ग्रुपमध्ये दुसऱ्या नावाने छिद्रावरून भांडतात असं ऐकतो, आणि चिमटाही त्यांना शोधत तिथे पोचलाय म्हणतात. काउंटर आता वहिनीच सांभाळते. बोलायला ती कमी पडते. गिऱ्हाईक पूर्वीसारखं हसत बाहेर पडत नाही. पण घड्याळ चालतं.

तर मायबाप, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात भिंतीवर एखादं जुनं घड्याळ असेल. कधी ते उघडलं गेलं, तबकडी निघाली आणि तिच्या पाठीवर तीन रेघांची, चोच उघडलेली चिमणी दिसली, तर भिंग घेऊन टिंब शोधत बसू नका. असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल. ज्याला उत्तर देता येत नव्हतं त्या थोरल्यांची तेवढी आठवण काढा, आणि तबकडी हलक्या हाताने परत लावा.